तारखा आणि तिजोरी

८ ऑगस्ट १९५५ रोजी जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवरची पहिली जागतिक परिषद सुरू झाली. हिरोशिमाला दहा वर्षे आणि दोन दिवस झाले होते. परिषदेच्या अध्यक्षस्थानी होते मुंबईचे डॉ. होमी भाभा, वय ४५. अध्यक्षीय भाषणाचा बराचसा भाग युरेनियमच्या विखंडनातून मिळणाऱ्या विजेबद्दल होता, आणि तो अपेक्षितच होता. पण बोलण्याच्या ओघात त्यांनी एक भाकीत केले. येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची, म्हणजे केंद्रके एकत्र जोडून मिळणारी, ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याचा मार्ग माणसाला सापडेल आणि तो सापडला की समुद्रात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, आहे तोवर जगाला ऊर्जेची ददात पडणार नाही, असे ते म्हणाले.

त्या वेळी या विषयावर उघडपणे बोलण्याची रीतच नव्हती. अमेरिका, ब्रिटन आणि रशिया हे तिन्ही देश बंद दाराआड त्याच कामाला लागलेले होते आणि एकमेकांना त्याचा थांगपत्ता लागू देत नव्हते. भारताकडे तसे कोणतेही यंत्र नव्हते, त्यामुळे लपवण्यासारखेही काही नव्हते. भाभांनी विषयाला तोंड फोडले आणि थोड्याच दिवसांत अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाला असे संशोधन आपण करत असल्याचे मान्य करावे लागले.

भाभांचे भाकीत चुकले, असे आज सहज म्हटले जाते. १९७५ उलटले, २००० उलटले, संमीलनाची वीज कुठल्याही घरात आली नाही. ‘फ्यूजन नेहमीच तीस वर्षे लांब असते’ हा टोमणा तर भौतिकशास्त्राच्या वर्गात शिकवल्यासारखा पाठ झाला आहे. पण या सत्तर वर्षांचा जमाखर्च मांडून बघितला की दिसते, निसर्गाने अडवले तितकेच तिजोरीनेही अडवले. प्रत्येक तारखेसोबत एक किंमत सांगितली गेली होती. तारखा लोकांच्या लक्षात राहिल्या आणि किंमत विसरली गेली. याला शास्त्रज्ञही काही अंशी जबाबदार आहेत, तेही सांगायला हवे.

सुरुवातच एका बनावट तारखेने झाली. २४ मार्च १९५१ रोजी अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांनी जाहीर केले की त्यांच्या देशात, ह्युमुल नावाच्या बेटावरच्या प्रयोगशाळेत, रोनाल्ड रिश्टर या शास्त्रज्ञाने नियंत्रित संमीलन साधले आहे. दावा पोकळ होता. पुढच्याच वर्षी चौकशी समितीने तो उघडा पाडला. पण अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी ती बातमी वाचली तेव्हा ते स्कीइंगच्या सुट्टीवर निघाले होते. डोंगरावर जाणाऱ्या पाळण्यात बसल्याबसल्या ते विचार करत राहिले, की असे खरोखर करायचे ठरले तर कसे करता येईल?

ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड भावंडांची केंद्रके एकत्र यायची तर त्यांच्यातला विद्युत दुरावा मोडायला हवा. त्यासाठी तापमान लागते दहा कोटी अंशांच्या पुढे. इतक्या तापमानाला वायू वायू राहत नाही. इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्याचा प्लाझ्मा होतो. कुठल्याच धातूचे भांडे त्याला धरू शकत नाही. पण प्लाझ्मा विद्युतभारित असतो, म्हणून चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतीपासून दूर ठेवू शकते. स्पिट्झर यांनी त्यासाठी पिळदार नळीचे एक यंत्र कल्पिले आणि त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाकडून ५० हजार डॉलर मिळवले. एका थापेतून निघालेल्या खऱ्या कामाला मिळालेले हे पहिले अमेरिकन पैसे.

तिकडे मॉस्कोत आंद्रेई साखारोव आणि इगोर टाम यांनी जवळपास त्याच काळात मेदूवड्याच्या आकाराच्या यंत्राची कल्पना मांडली. त्यालाच पुढे टोकामॅक हे नाव पडले. ब्रिटनने आपली सारी भिस्त हार्वेल इथल्या ‘झीटा’वर ठेवली. १९५७ च्या ऑगस्टमध्ये झीटा सुरू झाले आणि त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडताना दिसले. न्यूट्रॉन ही संमीलनाची खूण. जानेवारी १९५८ मध्ये सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी पत्रकारांना बोलावले. ते नोबेल विजेते आणि मोजूनमापून बोलणारे. पण त्या दिवशी पत्रकारांनी खोदून विचारले तेव्हा हे न्यूट्रॉन खऱ्या संमीलनाचेच आहेत याची आपल्याला ९० टक्के खात्री आहे, असे ते बोलून गेले. वर्तमानपत्रांनी ब्रिटनने सूर्य बनवल्याच्या थाटात मथळे दिले. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला. प्लाझ्मा सगळा तापला नव्हता. त्यातल्या अस्थिरतेमुळे काही मोजके कण वेगाने उधळले होते आणि ते न्यूट्रॉन त्यांचे होते. संमीलनाच्या शास्त्रज्ञांचा शब्द तेव्हापासून हलका झाला, आणि ज्यांचा शब्द हलका त्यांना पैसे मागणे जड जाते.

त्याच वर्षी सप्टेंबरात जिनिव्हाला दुसरी परिषद झाली आणि तिन्ही देशांनी आपापले गुपित मांडून टाकले. बघतात तो काय, सगळ्यांची अडचण एकच! प्लाझ्मा चुंबकाच्या पिंजऱ्यातून निसटतो, आणि सिद्धान्ताने सांगितले त्याहून कितीतरी वेगाने निसटतो. पुढची दहा वर्षे या क्षेत्रात मरगळ होती.

ती मरगळ मोडली ते प्रकरण मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत सुंदर वाटते. १९६८ मध्ये सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्क शहरात आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सोव्हिएत संघाचे लेव्ह आर्त्सिमोविच यांनी सांगितले की त्यांच्या ‘टी-३’ टोकामॅकमध्ये प्लाझ्मा सुमारे एक कोटी अंशांपर्यंत पोचला आहे आणि टिकलाही आहे. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. रशियनांची तापमान मोजण्याची पद्धत अप्रत्यक्ष होती आणि झीटात ज्या प्रकारच्या उधळलेल्या कणांनी सर्वांना फसवले, तेच इथेही झाले नसेल कशावरून? आर्त्सिमोविच रागावले नाहीत. ब्रिटनच्या कलहॅम प्रयोगशाळेकडे लेसरने तापमान मोजण्याचे तंत्र होते. या, तुमची उपकरणे घेऊन या आणि स्वतःच मोजा, असे आमंत्रण त्यांनी दिले.

शीतयुद्ध ऐन भरात होते. १९६८ मध्येच रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसले होते. अशा वेळी डेरेक रॉबिन्सन, निकल पीकॉक आणि त्यांचे सहकारी टनावारी सामान घेऊन १९६९ मध्ये मॉस्कोतल्या कुर्चातोव संस्थेत दाखल झाले. त्यांचे काम असे होते. माणकाच्या लेसरचा एक जबरदस्त झोत प्लाझ्मातून आरपार सोडायचा. तो प्रकाश इलेक्ट्रॉनांवर आपटून अगदी किंचित विखुरतो. इलेक्ट्रॉन जितके तापलेले, म्हणजे जितके वेगाने पळणारे, तितका त्या विखुरलेल्या प्रकाशाचा रंग मूळ रंगाच्या दोन्ही बाजूंना पसरतो. तो पसारा मोजला की तापमान कळते. पण प्लाझ्मा स्वतःच लखलखत असतो. त्या झगमगाटात हा मिणमिणता प्रकाश वेचून काढणे हीच खरी कसरत होती. काही महिन्यांच्या खटपटीनंतर आकडे हाती आले आणि रशियन खरे बोलत होते हे सिद्ध झाले. नोव्हेंबर १९६९ मध्ये निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापून आले. प्रिन्स्टनने तर निष्कर्ष छापून येण्याआधीच आपले पिळदार नळीचे मोठे यंत्र मोडून त्याचा टोकामॅक करायचे ठरवले होते. शत्रुराष्ट्राच्या शास्त्रज्ञांना आपल्या यंत्रात डोकावू देणारा आर्त्सिमोविच यांच्यासारखा माणूस नसता तर हे क्षेत्र आणखी किती वर्षे चाचपडत राहिले असते, कोण जाणे. समाजाला खरोखर गरज भासेल तेव्हा संमीलन तयार होईल, अशा अर्थाचे त्यांचे एक विधान आजही सांगितले जाते. १९७३ च्या मार्चमध्ये ते गेले.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गरज भासली. अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेल रोखले, अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. ऊर्जा हा एका रात्रीत राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न झाला आणि तिजोरीचे दार उघडले. चुंबकीय संमीलनाला सत्तरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत वर्षाला तीनेक कोटी डॉलर मिळत. १९७७ पर्यंत हा आकडा तीस कोटींच्या पुढे गेला. या मोहिमेचे प्रमुख होते रॉबर्ट हर्श, धडाडीचे आणि प्रसंगी धसमुसळे प्रशासक. शास्त्रज्ञांना आणखी दहा वर्षे प्लाझ्माचे शास्त्र खणायचे होते. हर्श यांना वीज हवी होती. खरे ट्रिटियम जाळणारे यंत्र बांधा, असा हट्ट त्यांनी धरला आणि प्रिन्स्टनच्या ‘टीएफटीआर’ या मोठ्या टोकामॅकचा पाया त्यातून घातला गेला.

याच काळात, १९७६ मध्ये, अमेरिकेच्या ऊर्जा संशोधन विभागाने एक आराखडा तयार केला. त्यातला एक आलेख संमीलनाच्या वर्तुळात आजही हातोहात फिरतो. आराखड्यात पाच वाटा होत्या. पैसा पाण्यासारखा ओतलात तर वीज देणारी पहिली प्रायोगिक भट्टी १९९० मध्ये. थोडा कमी दिलात तर थोडी उशिरा. मध्यम गतीने गेलात तर २००५ च्या सुमारास. आणि पाचवी, सर्वांत खालची वाट अशी होती की चालू आहे तेवढाच खर्च चालू ठेवलात तर कधीच नाही. कुणा विरोधकाने उपहासाने लिहिलेले हे वाक्य नव्हे, सरकारी खात्याच्या स्वतःच्या नियोजनाचा तो निष्कर्ष होता. पुढच्या चार दशकांत अमेरिकेने प्रत्यक्षात जो पैसा दिला, त्याची रेघ त्या आलेखावर काढली तर ती पाचव्या वाटेच्याही खालून जाते.

पण ते एकदम झाले नाही. आधी आशेचा कळस गाठला गेला. वॉशिंग्टन राज्यातले माइक मॅककॉर्मॅक हे स्वतः हॅनफर्डच्या अणुकेंद्रात रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले लोकप्रतिनिधी. त्यांनी चिकाटीने एक विधेयक पुढे रेटले. शतक संपण्याआधी संमीलनाची प्रायोगिक वीजभट्टी चालू करायची आणि त्यासाठी वीस वर्षांत सुमारे २० अब्ज डॉलर खर्चायचे, असा त्याचा रोख होता. ७ ऑक्टोबर १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी त्यावर सही केली. कायदा झाला. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली, कार्टर हरले आणि मॅककॉर्मॅक यांचीही जागा गेली. नवे अध्यक्ष रेगन यांच्या मते नव्या ऊर्जास्रोतांची चिंता बाजाराने करायची होती. ऊर्जा खातेच बरखास्त करावे असे त्यांचे म्हणणे होते. कायदा रद्द कुणी केला नाही. त्याला पैसे देण्याची वेळ आली तेव्हा मात्र सगळ्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. १९८४ च्या सुमारास वार्षिक तरतूद ४७ कोटी डॉलरच्या आसपास होती. तिथून उतरण लागली.

या उतरणीवरचा सर्वांत मोठा अपघात कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथे झाला. तिथे ‘एमएफटीएफ-बी’ नावाचे प्रचंड यंत्र उभे राहत होते. कल्पना टोकामॅकहून वेगळी होती. एक लांब सरळ नळी घ्यायची आणि तिच्या दोन्ही टोकांना चुंबकाची बुचे बसवून प्लाझ्मा आत कोंडायचा. प्रत्येक बूच एकमेकांत अडकलेल्या दोन वळणदार वेटोळ्यांचे होते आणि त्या जोडीचे वजन ३७५ टन. अतिवाहक तार, तिच्याभोवती द्रव हेलियमची थंडाई, बाहेर पोलादाचे कवच. प्लाझ्मासाठी दहा कोटी अंश हवेत आणि त्याला धरणाऱ्या तारेला उणे २६९ अंश, आणि हे दोन्ही काही हातांच्या अंतरावर. हे यंत्र बांधायला ३७ कोटी २० लाख डॉलर लागले. फेब्रुवारी १९८६ मध्ये ते पूर्ण झाले, समारंभ झाला, आणि त्याच वेळी ते चालवण्याची तरतूद रद्द झाल्याचे कळले. वित्तीय तूट कमी करण्याचा नवा कायदा नुकताच झाला होता आणि तेलाचे भाव कोसळत होते. यंत्रात प्लाझ्मा एकदाही पेटला नाही. कित्येक वर्षे ते तसेच पडून राहिले आणि मग सुटे करून टाकले.

मला यात नुसता पैशाचा अपव्यय दिसत नाही. ते यंत्र चालले असते की नाही, याविषयी तज्ज्ञांतही शंका होती आणि कदाचित ते फसलेच असते. पण फसले असते तर का फसले हे कळले असते. बांधायचा सगळा खर्च करायचा आणि उत्तर ऐकायचा खर्च वाचवायचा, या काटकसरीला काय म्हणावे? त्या यंत्रावर उमेदीची वर्षे घालवलेले अभियंते दुसऱ्या कामांना लागले आणि तो धागा अमेरिकेत जवळजवळ तुटलाच.

युरोपने वेगळी रीत धरली. अनेक देशांनी मिळून कलहॅमला ‘जेट’ हा टोकामॅक उभारला. जागेवरून ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात दोन वर्षे ओढाताण चालली होती. १९७७ च्या ऑक्टोबरात अपहरण झालेले जर्मन विमान मोगादिशूत सोडवायला ब्रिटिश कमांडोंची मदत झाली आणि त्या कृतज्ञतेच्या वातावरणात जर्मनीने हट्ट सोडला, असे सांगतात. जून १९८३ मध्ये जेट सुरू झाले. १९९७ मध्ये त्याने २४ मेगावॅट आत घालून १६ मेगावॅट संमीलनशक्ती मिळवली, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश परतावा. त्याच वर्षी प्रिन्स्टनचे टीएफटीआर बंद झाले होते, कारण आदल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात अमेरिकेने संमीलनाच्या पैशाला जवळजवळ एक तृतीयांश कात्री लावली होती. जेट मात्र चाळीस वर्षे चालले. डिसेंबर २०२३ मध्ये निवृत्त होण्याआधी ऑक्टोबरात त्याने ६९ मेगाज्यूलचा विक्रम केला. थोडा पण दर वर्षी न चुकता येणारा पैसा काय करतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

नोव्हेंबर १९८५ मध्ये रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव पहिल्यांदा भेटले तेही जिनिव्हातच. संमीलनाचे संशोधन मिळून करू, हे तिथे ठरलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक होते. त्यातून ‘इटर’ या संयुक्त टोकामॅकचा प्रकल्प निघाला. आराखडा व्हायला १९९८ उजाडले. किंमत ऐकून अमेरिका बाहेर पडली, उरलेल्यांनी यंत्र छोटे केले, २००३ मध्ये अमेरिका परत आली. ते फ्रान्समध्ये उभारायचे की जपानमध्ये या वादात आणखी दोन वर्षे गेली आणि जून २००५ मध्ये दक्षिण फ्रान्समधले कादाराश ठरले. त्याच वर्षअखेर भारत सातवा भागीदार झाला. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसच्या एलिझे प्रासादात करार झाला, तेव्हा भारताच्या वतीने सही केली ती अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी.

भारत रिकाम्या हाताने गेला नव्हता. गांधीनगरजवळच्या भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून ‘आदित्य’ हा देशात बांधलेला टोकामॅक चालू होता. ती संस्था उभी राहिली प्रेधिमन काव यांच्या नेतृत्वाखाली. प्रिन्स्टनमधून परतलेल्या या शास्त्रज्ञाने एक अख्खी पिढी घडवली. त्या पिढीमुळेच भारत इटरच्या मेजावर गिऱ्हाईक म्हणून नव्हे, भागीदार म्हणून बसला. इटरमध्ये भारताचा वाटा सुमारे ९ टक्के, तोही बहुतांशी यंत्रभागांच्या रूपात. त्यातला सर्वांत मोठा म्हणजे क्रायोस्टॅट, ज्याच्या पोटात अख्खा टोकामॅक बसतो ती पोलादी निर्वात टाकी. उंची आणि व्यास दोन्ही सुमारे २९ मीटर, वजन ३८०० टनांच्या वर. लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा कारखान्यात तिचे ५४ तुकडे बनले, जहाजाने फ्रान्सला गेले आणि जागेवरच जोडले गेले. मे २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, १२५० टनांचे तिचे बूड यंत्राच्या खड्ड्यात उतरवले गेले.

करार झाला तेव्हा इटरचा पहिला प्लाझ्मा २०१६ मध्ये पेटायचा होता. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकाप्रमाणे संशोधनाला सुरुवात २०३४ मध्ये आणि ट्रिटियमचे खरे प्रयोग २०३९ मध्ये. सुरुवातीचा ५ अब्ज युरोंचा अंदाज आता २० अब्जांच्या पलीकडे गेला आहे. इथे मात्र दोष पैसा न मिळण्याचा नाही. सात भागीदारांनी वाटून घेतलेल्या, निरनिराळ्या देशांत बनलेल्या भागांचा मिलीमीटरचा मेळ बसवणे हे काम कुणी एकाने करायचे की सर्वांनी, याचाच निकाल वर्षानुवर्षे लागला नव्हता.

डिसेंबर २०२२ मध्ये जी बातमी आली ती तिसऱ्याच दिशेने. लिव्हरमोरच्याच प्रयोगशाळेत १९२ लेसर झोतांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा एका इंधनकणावर ओतली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. लेसर चालवायला विजेच्या तारेतून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते, तेव्हा वीजनिर्मितीशी याचा संबंध अजून दूरचा. तरी पराक्रम खराच. पण त्या यंत्राला लागलेले साडेतीन अब्ज डॉलर आले अण्वस्त्रांच्या खात्यातून. स्फोटचाचण्या बंद झाल्यावर बाँबचे भौतिकशास्त्र तपासायला ते बांधले होते. विजेच्या नावाने जो पैसा मिळाला नाही, तो शस्त्रांच्या नावाने मिळाला.

आता खासगी पैसा आला आहे आणि तो थोडाथोडका नाही. सन २०२४ पर्यंत जगभरातल्या कंपन्यांनी ७ अब्ज डॉलरपेक्षा जास्त जमवले. यातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक, कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स, एमआयटीतून निघाली. तिथला ‘अल्काटॉर सी-मॉड’ टोकामॅक सरकारने पैसे थांबवल्यामुळे सप्टेंबर २०१६ मध्ये बंद झाला. शेवटच्या दिवसांत त्याने प्लाझ्माच्या दाबाचा जागतिक विक्रम केला आणि मग वीज तोडली गेली. त्याच मंडळींनी २०१८ मध्ये कंपनी काढली, २०२१ मध्ये नव्या अतिवाहक फितीचा २० टेस्लाचा चुंबक चालवून दाखवला आणि त्याच वर्षी १.८ अब्ज डॉलर उभे केले. त्या एका फेरीतला पैसा त्या वेळच्या अमेरिकन सरकारच्या दोन वर्षांच्या संमीलन तरतुदीहून जास्त होता.

मला याचा आनंद आहे आणि एक काळजीही आहे. गुंतवणूकदार यंत्राला पैसे देतो, कारण यंत्र विक्रम करते. पण संमीलनाची ऐंशी टक्के ऊर्जा ज्या न्यूट्रॉनांतून बाहेर येते, ते विखंडनाच्या न्यूट्रॉनांहून कितीतरी जोरकस असतात. ते भिंतीच्या पोलादात घुसून अणू जागचे हलवतात, आत हेलियमचे बुडबुडे धरतात, धातू ठिसूळ करतात. कोणते पोलाद अशा माऱ्याखाली वर्षानुवर्षे टिकेल हे मोजायला एक खास न्यूट्रॉन-स्रोत लागतो. त्यातून वीज निघत नाही, मथळेही निघत नाहीत. अमेरिकेने असा एक स्रोत मॅककॉर्मॅक यांच्या हॅनफर्डमध्येच बांधायला घेतला होता. ऐंशीच्या दशकातल्या कपातीत तो रद्द झाला. नव्वदच्या दशकात त्याचा आंतरराष्ट्रीय आराखडा झाला आणि बरीच वर्षे तो कागदावर राहिला. आता स्पेनमध्ये ग्रानादाजवळ तो उभा राहू लागला आहे. कंपन्यांच्या वीजभट्ट्यांच्या तारखा पुढच्या दशकाच्या आरंभीच्या आहेत. त्या भट्ट्यांच्या भिंती कशाच्या असतील हे ठरवणारी मोजमापे या स्रोतातून यायची आहेत, आणि त्याचे बांधकाम अजून पुरे व्हायचे आहे.